घडीचा चाकू घ्यायचाय : पैसे टाकण्यासारखा आहे हे कसं ओळखायचं?

रानवाट

मंडळी, नमस्कार.

आमचा एक लहानसा गट आहे. पाऊस सुरू झाला की इंदूरच्या आसपास भटकतो. जानापाव, पातालपाणी, चोरलकडची रानं, जमलं तर मांडू. दर वेळी कुणीतरी घरची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतं आणि ती सुरी पिशवी फाडून बाहेर येते. म्हणून खिशात राहील असा घडीचा चाकू घ्यावा म्हणतो.

तीन पर्याय डोळ्यासमोर आहेत.

पहिला सियागंजात एका दुकानात पाहिला. काळं पातं, साधारण साडेतीन इंच, पात्यावर मोठ्या अक्षरात डी२ असं स्टीलचं नाव कोरलंय. उघडला की आतली पट्टी सरकून लॉक होतो. खिशाला अडकवायची क्लिप आहे. दुकानदार सोळाशे म्हणाला, थोडे कमीही करेल. दुसरा ओपिनेलचा ८ नंबर, लाकडी मुठीचा. तिसरा व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा लाल, ९१ मिलिमीटरचा, कात्री आणि करवत असलेला. हे दोन्ही ऑनलाइन मागवावे लागतील. बजेट तीन हजारांच्या आसपास. खरंच चांगला असेल तर थोडं वर जायची तयारी आहे.

काम म्हणजे फळं कापणं, काकडी-कांदा, दोरी, पाकिटं, कधी चुलीसाठी सुकी काटकी सोलणं. याहून जास्त काही नाही.

हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? स्टीलच्या नावावर किती जायचं? आणि आईचा प्रश्न : असा चाकू खिशात ठेवून फिरलं तर पोलीस धरतील का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सराफा_रात्री

राजवाड्याच्या मागे दीड-दोनशेला मिळतो तो घ्या. हरवला तरी हळहळ नाही. माझं काम वर्षानुवर्षं त्यावरच चाललंय.

खटपट्या

रानवाट, प्रश्न चांगला मांडलात. कुठली कामं करायची ते आधीच लिहिलंत, त्यामुळे सांगणं सोपं जातं. मी पीथमपूरला टूलरूममध्ये नोकरी केली, पोलाद आणि धार हाच धंदा होता. त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

स्टीलचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी सांधा बघा. घडीच्या चाकूत जी पिन पात्याला मुठीशी धरून ठेवते, तिथेच कारागिरी कळते. पातं कितीही भारी असलं तरी सांधा ढिला असेल तर तो चाकू घेण्यात अर्थ नाही.

दुकानात चाकू पूर्ण उघडा. एका हातात मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याचं टोकाकडचं अंग पाठीच्या बाजूने धरा आणि डावीउजवीकडे हलवा. मग वरखाली हलवा. आमच्याकडे याला प्ले म्हणतात. डावीउजवीकडे किंचित जाणवला आणि पिनच्या जागी स्क्रू असेल तर तो कसून कमी करता येतो. वरखाली प्ले असेल तर लॉकच नीट बसत नाही असं समजा. हा प्ले स्क्रू कसून जात नाही. तसा चाकू खाली ठेवून द्या.

आता तुमचं पट्टीचं लॉक. लायनर लॉक म्हणतात त्याला. मुठीच्या आत पातळ पोलादी पत्रा असतो, त्याची एक जीभ बाजूला वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती जीभ पात्याच्या बुडामागे येते आणि पात्याला परतीची वाट राहत नाही. ती जीभ बुडावर कुठवर आली ते वाकून बघायचं. नव्या चाकूत ती बुडाच्या जाडीच्या साधारण पाव ते निम्म्या भागापर्यंत असावी. कडेला नुसती टेकली असेल तर दाब पडला की निसटेल. नवाकोरा असतानाच पार पलीकडच्या पत्र्याला जाऊन भिडली असेल तर झिजेला जागाच उरली नाही. वापराने जीभ हळूहळू पलीकडेच सरकत जाते, आणि तिथे जाऊन थांबली की पातं हलायला लागतं.

हे बघताना पातं मनगटाच्या झटक्याने उघडू नका. सावकाश उघडा. झटक्याने जीभ जोरात आत जाते आणि लॉक आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. सावकाश उघडूनही स्पष्ट टक असा आवाज येऊन बसलं पाहिजे. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घ्या, तळहातावर मूठ ठेवा आणि दुसऱ्या तळहाताने पाठीवर बेताने दाब द्या. जीभ कणभरही सरकली तर चाकू परत करा. काही लोक पाठ टेबलावर आपटून दाखवतात, ते करू नका. त्याने चांगलं लॉकही बिघडतं.

मिटल्यावर पातं दोन पत्र्यांच्या मधोमध बसतंय का ते उजेडात धरून बघा. एका बाजूला घासत असेल तर पात्यावर बारीक चरे दिसतात. टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेलं हवं. मिटलेल्या फटीवरून रुमाल फिरवा. धागा अडकला तर तेच टोक उद्या खिशात हात घातल्यावर बोटाला लागेल.

धारेचं बघताना पातं दिव्याखाली धरून धारेची रेघ डोळ्यासमोर आणा. धार असेल तिथे रेघ दिसत नाही. जिथे चकाकी दिसते तिथे बोथट आहे किंवा दातरा पडलाय. दोन्ही बाजूंचे उतार सारख्या रुंदीचे हवेत, बुडापासून टोकापर्यंत. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसले तर घासणाऱ्याने घाई केली आहे. जिथे डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीत घाई केली, तिथे न दिसणाऱ्या गोष्टीत काय केलं असेल याचा विचार करा.

न दिसणारी गोष्ट म्हणजे पाणी, म्हणजे पोलाद तापवून आणि थंड करून त्याला दिलेला कडकपणा. डी२ म्हणजे आमचं एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम), प्रेसच्या डाय त्याच्याच करतात. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. पोलाद उत्तमच आहे. पण भट्टीत हजार अंशांच्या वर तापवून, ठरल्या रीतीने थंड करून, मग पुन्हा तापवून त्याचा ताठरपणा उतरवावा लागतो. नीट पाणी दिलेलं डी२ रॉकवेलच्या, म्हणजे कडकपणाच्या, मापाने साठच्या आसपास जातं आणि धार खूप टिकते. पाणी चुकलं तर तेच पोलाद एकतर मऊ राहतं नाहीतर धारेचे बारीक तुकडे उडतात. पात्यावर डी२ कोरायला यंत्र लागतं, पाणी द्यायला माणूस लागतो. सोळाशेच्या बिननावाच्या चाकूत नेमकं काय आहे हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

आणखी एक. डी२ला लोक स्टेनलेस समजतात. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, गंजाशी लढायला मोकळं राहिलेलं कमी पडतं. पावसात भिजून तसंच खिशात राहिलं तर ठिपके पडतात. काळा लेप असेल तिथे वाचेल, पण धारेवर लेप नसतोच.

घाटवाट

अत्यंत माहितीपूर्ण प्रतिसाद. खटपट्याकाका, हे जपून ठेवलं.

माझं मत एवढंच की रानात लॉक हवंच. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरला लॉक नसतं, पाठीमागच्या स्प्रिंगवर पातं उभं राहतं. ओल्या हातात असा चाकू मिटला तर बोट गेलं. रानवाट, लॉक नसलेला घेऊ नका.

जाम_जिरावण

मी ९१वाला पर्समध्ये ठेवते. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाताना फळं कापायला, पार्सलं उघडायला, मुलाच्या शर्टाचा दोरा कापायला, सगळ्याला तोच. त्यामुळे मी कापण्याच्या बाजूने लिहिते, कारण वर कुणी त्यावर फारसं बोललं नाही.

तुमची निम्मी कामं फळं-भाज्यांची आहेत. तिथे पात्याची जाडी सगळं ठरवते. काळे जाड चाकू दिसायला दणकट असतात, पण त्यांनी जाम, म्हणजे पेरू, कापायला घेतला की अर्ध्यात जाऊन जाम फाटतो, दोन तुकडे होऊन एक घरंगळतो. काकडीची चकती पातळ येतच नाही. पातं पाठीला तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असेल आणि धारेपर्यंत नीट उतरलं नसेल तर कितीही धार लावा, पाचरीसारखंच चालणार. व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल दोन्हींची पाती पातळ असतात. टोमॅटो आणि पिकलेला जाम यांवर फरक लगेच कळतो.

दुकानात भाजी नेऊन कापता येत नाही, पण चाकूचं टोक आपल्यासमोर धरून पात्याकडे बघता येतं. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार दिसला तर चांगलं. निम्म्यापर्यंत जाडच्या जाड आणि मग एकदम उतार असेल तर ते फळाच्या कामाचं नाही.

धुण्याचाही विचार करा. जामाचा रस, आंब्याचा चीक सांध्यात जातो. मूठ आरपार उघडी असेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी निघून जात असेल, तर नळाखाली धरून साफ होतो. बंद मुठीत कचरा साठतो.

आणि रानवाट, कात्रीला कमी लेखू नका. पट्टी कापायला, मिरचीपुडीचं पाकीट उघडायला, नख तुटलं तर, हात कात्रीकडेच जातो. आमच्याकडे पात्यापेक्षा कात्रीच जास्त उघडली जाते.

खटपट्या

ताई, अनुमोदन. पाचरीचं अगदी बरोबर आहे.

घाटवाट, तुमच्याशी थोडा मतभेद. लॉक असलं की माणूस चाकूवर असे जोर लावायला लागतो की जे घडीच्या चाकूवर लावायचेच नसतात. टोक भोसकून भोक पाडणं, पात्याने काहीतरी उचकटणं, पाठीवर दगड मारून लाकूड फोडणं. पातं मिटतं ते पाठीकडून दाब आला तरच. कापताना दाब धारेवर येतो, म्हणजे पातं उघडंच राहायला मदत होते. फळं, दोरी, काटकी या कामात स्प्रिंगचा चाकू पुरतो. भोक पाडायला ९१मध्ये वेगळी टोचणी असते, ती वापरावी.

स्प्रिंगच्या चाकूत बघायचं ते वेगळं. उघडताना आणि मिटताना शेवटी तो स्वतःहून ओढला गेला पाहिजे, टपकन. मधेच लोंबकळत राहिला तर स्प्रिंग मेली आहे. उघडल्यावर पाठीची स्प्रिंग आणि पाठीचा पत्रा यांच्यावरून नख फिरवा, पायरी लागायला नको. पत्र्यांच्या मधून उजेड दिसायला नको. शिवाय नखाने ओढायची खाच आहे, ती इतकी कडक नको की नख मोडेल.

घाटवाट

तुमचं कापण्याचं गणित पटतं. पण गटात नवशिकी मुलं असतात, ती चाकू कसा धरतील ते आपल्या हातात नसतं. मी लॉकवरच ठाम आहे.

खटपट्या

गटात मुलं हाताळणार असतील तर तुमचं म्हणणं मान्य. मग लॉक घ्या, पण विश्वासाचं घ्या. फसवं लॉक हे लॉक नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विसंबतो.

सुतारपक्षी

ओपिनेलबद्दल मी लिहितो, लाकूडकाम करतो आणि रोज वापरतो.

फ्रान्सच्या साव्वा भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू केला. १८९७ मध्ये १ ते १२ अशी मापं ठरली. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी आहे, ती १९५५ मध्ये आली. पातं उघडलं की कडी फिरवायची, फट झाकली जाते आणि पातं मिटत नाही. नंतरच्या चाकूत मिटलेल्या अवस्थेतही कडी फिरवून पातं आत अडकवता येतं. इतकं साधं लॉक की बघूनच कळतं लागलंय की नाही. घाटवाट म्हणतात त्या गटातल्या मुलांना हेच शिकवायला सोपं.

दोन प्रकारचं पातं येतं, कार्बन स्टीलचं आणि स्टेनलेसचं. कार्बनचं धारेला फार गोड, दगडावर चटकन तयार होतं. पण कैरी किंवा लिंबू कापलं की काळं पडतं, आणि ओलं ठेवलं की गंजतं. भटकंतीला स्टेनलेसच घ्या.

कमी सांगायला नको म्हणून हेही लिहितो. मूठ लाकडाची, बीचची. माळव्याच्या पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं फटीत आवळतं. नखाने उघडतच नाही. त्यासाठी मुठीचं मागचं टोक ओट्यावर हलकेच ठोकायचं, पात्याची पाठ वर येते, मग चिमटीत धरून ओढायचं. नवा आल्यावर सांध्याच्या लाकडाला तेल पाजलं तर त्रास बराच कमी होतो. एका हाताने उघडायचा विचार सोडून द्या, दोन्ही हात लागतात.

आणि पातं पातळ आहे, त्यावर काटकी फोडू नका. सोलायला मात्र याच्यासारखं दुसरं नाही. मुठीचा गोल आकार हातात बसतो, तासभर सोललं तरी तळहात दुखत नाही. रानवाट, सियागंजातल्या चाकूची मूठ जोरात आवळून बघा. क्लिप तळहातात कुठे रुतते ते तिथल्या तिथे कळेल.

काळाकोट

आईंच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून लिहितो. मी इंदूरला वकिली करतो.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. पण मध्य प्रदेशात एवढं वाचून थांबू नका. राज्य सरकारची १९७४ ची अधिसूचना आहे. तिच्यानुसार सार्वजनिक ठिकाणी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायला बंदी आहे, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू कोणत्याही मापाचा असला तरी बंदी आहे.

दुसरा भाग नीट वाचा. बटन दाबलं की पातं बाहेर उसळतं, तो चाकू दोन इंचांचा असला तरी चालत नाही. पात्याला थोडं ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करते, असेही चाकू बाजारात आहेत. ते स्प्रिंगचे की नाहीत हा वाद चौकीत उभं राहून घालायची वेळ येऊ नये. असा चाकू घेऊच नका. नखाने किंवा अंगठ्याने पूर्ण स्वतः उघडावा लागतो तो घ्या. व्हिक्टोरिनॉक्सची पाठीची स्प्रिंग पातं जागेवर धरून ठेवते, बाहेर फेकत नाही, त्याची तुलना बटनाच्या चाकूशी होत नाही.

आणखी तीन गोष्टी. २०२१ च्या डिसेंबरपासून इंदुरात पोलीस आयुक्त प्रणाली आहे. निवडणूक, सण, मिरवणुकीच्या काळात पोलीस आयुक्त नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, प्रतिबंधक आदेश काढू शकतात. त्यात शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदी असू शकते. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा.

रालामंडलला जात असाल तर लक्षात ठेवा की ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये अभयारण्यात लेखी परवानगीविना हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत चाकूही मोजला आहे. भटकंती करणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असतं.

विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इन करायच्या बॅगेत ठेवा, नाहीतर तपासणीच्या टेबलावर सोडून यावा लागेल.

फळं कापायच्या चाकूबरोबर डबा, फळं, पाण्याची बाटली अशी पिशवी असेल तर कशासाठी जवळ आहे ते दिसतं. रात्री अकरा वाजता छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खिशाला क्लिप लावून उभे असाल तर तोच चाकू वेगळा दिसतो.

घाटवाट

वकीलसाहेब, रालामंडलचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

सराफा_रात्री

इतकं सगळं वाचूनही विचारतो, दीडशेच्या चाकूत नक्की वाईट काय? कापतो ना?

खटपट्या

कापतो. पहिल्या दिवशी सगळेच कापतात. तुमचा जर आज इतक्या वर्षांनीही कापत असेल, सांधा घट्ट असेल, तर तो चांगलाच निघाला आणि तो बदलायची काही गरज नाही. पण त्याच टोपलीतला दुसरा उचलला तर तसाच निघेल याची खात्री देता येत नाही. जास्त पैसे त्या खात्रीचे असतात. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेलने ५६च्या आसपास, डी२च्या पुढे मऊच. धार लवकर उतरते. पण ते दर चाकूत तेवढंच असतं, आणि घरच्या दगडावर पाच मिनिटांत परत तयार होतं. ज्याला दगडावर बसायचा कंटाळा नाही त्याच्यासाठी हेच बरं. कडक पोलादाची धार उतरली की घरच्या दगडावर घाम निघतो.

रानवाट, तुम्ही धार स्वतः लावता का? चाकूची निवड यावर बरीच अवलंबून आहे.

रानवाट

नाही लावली कधी. सायकलवर सान घेऊन येतात त्यांच्याकडे घरच्या सुऱ्या देतो.

खटपट्या

घरच्या सुऱ्या द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या सानेवर पातळ पातं क्षणात तापतं. ठिणग्या उडतात, धारेवर निळसर झाक येते. ती दिसली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, दोन फळांत बोथट.

सियागंजात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाडी, एक बारीक. तोच घ्या. धारेच्या उतारावर मार्कर पेनने शाई लावा. दगडावर पाण्याचे थेंब टाकून पातं साधारण वीस अंशांत टेकवा. काटकोनाचा निम्मा पंचेचाळीस, त्याचा निम्मा केला की जवळपास येतो. दोन-तीन हलके हात मारून बघा. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर पातं फार निजलंय, फक्त धारेवरची गेली तर फार उभं आहे. सगळी शाई एकसारखी जायला लागली की कोन सापडला. मग त्याच कोनात घासत राहा, जोवर पलीकडच्या बाजूला बोटाला बारीकशी खरखर लागत नाही. तिला आम्ही बर म्हणतो. बर बुडापासून टोकापर्यंत आली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर अगदी हलक्या हाताने एकदा इकडून एकदा तिकडून, बर निघून जाईपर्यंत. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे.

रानवाट

काल पुन्हा सियागंजात गेलो. काका, तुम्ही सांगितलं त्या क्रमाने सगळं केलं. दुकानदारही भला माणूस, काउंटरवर दिवा ओढून दिला.

मिटल्यावर पातं डावीकडे झुकलेलं, काळा लेप एका रेघेत निघालेला. सावकाश उघडलं तर लॉकची जीभ जेमतेम बुडाच्या कडेवर. झटक्याने उघडलं की बरीच आत जात होती, त्यामुळे पहिल्यांदा कळलंच नव्हतं. पाठीवर तळहाताने दाब दिला, तर दुसऱ्याच दाबाला टचकन सुटली. पातं अर्धं खाली आलं. बोटं बाजूला होती. दुकानदाराने त्याच खोक्यातला दुसरा दिला, त्याची जीभ बरोबर बसली पण टोकाकडे धारेचा उतार एका बाजूला दुप्पट रुंद. तिसरा घासत नव्हता, लॉकही बरं होतं, पण टोक मिटल्यावर रुमालाला अडकलं. एकाच खोक्यात तीन तऱ्हा.

मूठही आवळून बघितली. क्लिपचं टोक नेमकं करंगळीच्या मुळाशी रुततं.

ओपिनेल मनात भरला होता, पण पावसात फुगतो म्हणून मागे ठेवला. शेवटी व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन मागवला, कात्री आणि करवत दोन्ही आहेत. बजेटच्या थोडं वर गेलं. घाटवाटदादा, गटातल्या मुलांच्या हातात तो देणार नाही, त्यांच्यासाठी फळं मीच कापीन. दगड काल तिथूनच घेतला. आईला वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने सहा इंचांची पट्टी काढून तिच्यावर ९१ मिलिमीटर मोजून बघितले आणि म्हणाली, ठीक आहे.

काळाकोट

आईंना नमस्कार सांगा.

जाम_जिरावण

छान निवड. आल्यावर लगेच तपासून घ्या, ऑनलाइन नकलाही येतात. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड स्वच्छ, बारीक अक्षरात असतं, पुसट किंवा वेडंवाकडं असेल तर परत पाठवा. चिमटा आणि दातकोरणी मुठीच्या टोकाच्या खाचेत नीट बसतात का बघा, नकलेत ती ढिली असतात. सगळी अवजारं एकेक उघडून मिटा, प्रत्येकाचा टपकन आवाज आला पाहिजे.

रानवाट

ताई, नक्की. एक शेवटचं, सांध्याला तेल कुठलं? घरी खोबरेल आहे.

खटपट्या

खोबरेल नको. आपल्या इंदूरच्या थंडीत ते थिजतं आणि सांधा जड होतो. शिलाई मशीनचं तेल सांध्याला चांगलं, पण तुम्ही त्याच पात्याने फळं खाणार. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, पोटात गेलं तरी चिंता नाही, ते आणा. आधी चाकू कोमट पाण्यात बुडवून अवजारं दहा-बारा वेळा उघडमीट करा, घाण निघते. पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक सांध्यात एकेक थेंब, पुन्हा उघडमीट, आणि बाहेर आलेलं फडक्याने पुसून टाका. पुसलं नाही तर त्यावरच धूळ बसेल.